घरचीच तर साय होती

वैशाख लागला की आमच्या गावात मिक्सरचे आवाज ऐकू यायला लागतात. दुपारी दोनच्या सुमाराला, ऊन ओसरी ओलांडून आत शिरायला बघत असतं तेव्हा, कुणाच्या तरी घरात बर्फ कडाकडा फुटतो, मग त्याची घरघर होते, आणि मला राग येतो. दरवर्षी येतो. परवा शेजारची नवी सून विचारायला आली, "काकू, तुमची मुक्ता ती बिनदुधाची थंड कॉफी करते ना, ती कशी करायची?" मी तिला सगळं नीट सांगितलं. सांगता सांगता तिच्यासाठी आणलेलं तांब्याभर पाणी मीच पिऊन टाकलं. तिला वाटलं असेल, काकूंची साखर वाढली.

मुक्ता माझी मुलगी. तिला दुधाची ॲलर्जी आहे. हे वाक्य आता मी एका दमात म्हणते. पूर्वी जीभ अडखळायची, कारण आमचं घर म्हशींचं.

मुळशी धरणाच्या पाण्याला लागून आमचं गाव. भाताची खाचरं, थोडे आंबे, गोठ्यात सहा म्हशी. माझे थोरले दीर, ज्यांना सगळा गाव अण्णा म्हणतो, ते स्वतः धारा काढतात आणि कॅन पिकअपमध्ये घालून पाण्याकाठच्या हॉटेलांना पोचवतात. सुट्टीच्या दिवशी पुण्याहून माणसं धरण बघायला येतात, चहा पिऊन 'वा' म्हणतात. ते 'वा' आपल्या दुधाला असतं असं अण्णा छाती काढून सांगतात. त्यात खोटं काही नाही. दूध खरंच चांगलं आहे. घट्ट, पिवळसर साय धरणारं. त्या सायीवर अण्णांचा जेवढा जीव, तेवढा मी माणसांवरही पाहिला नाही.

मी पौडच्या शाळेत शिकवते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून अण्णा मला नावाने हाक मारत नाहीत, 'बाई' म्हणतात. मीही त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेत आले. थेट बोलायचं नाही, काही लागलंच तर जाऊबाईंकरवी निरोप. शाळेत साठ पोरांना एका आवाजात गप्प करणारी मी, घरात शिरताना आवाज चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायची.

मुक्ता लहान असताना दूध पोटात गेलं की अंगावर लाल चट्टे उठायचे, उलट्या व्हायच्या. घरात त्याला नाव होतं, नखरे. मी काय करायची? कुणाकडे पूजेला गेलो की तिच्या तळहातावर पेढ्याचा कण ठेवायची आणि कानात म्हणायची, "लोकांसमोर नाही म्हणू नकोस, जिभेला लाव फक्त." मग घरी येऊन तिच्या पाठीवर ओलं फडकं ठेवत बसायची. हा राग मी कुणावर काढू? पुढे ती कॉलेजात गेल्यावर पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि स्पष्ट लिहून दिलं: दूध, साय, लोणी, खवा, काहीही नाही; जीवावर बेतू शकतं. मी तो कागद जेवणाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवला. अण्णा म्हणाले, "डाक्टरनं म्हस बघितलीया का कवा?" सगळे हसले.

मीही हसले.

तीन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. मुक्ता नुकती हिंजवडीला नोकरीला लागली होती आणि मारुंजीला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती. मे महिन्यात ऑफिसने घरून काम करायची मुभा दिली, तशी ती लॅपटॉप आणि एक लहानसा मिक्सर घेऊन गावाला आली. "आई, तिकडे सगळे कोल्ड कॉफी पितात. वर फेस, खाली बर्फ. मी बिनदुधाची मागितली की माझ्यापुढे काळं पाणी आणून ठेवतात. मला फेसवाली पाहिजे. मी घरी करणार."

आणि केलीही. पहिल्या दिवशी शेंगदाण्याचं दूध काढलं. कॉफी शेंगदाण्याच्या आमटीसारखी लागली. दुसऱ्या दिवशी ओट्स भिजवले, ते इतके बुळबुळीत झाले की आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि हसून हसून बेजार झालो. नारळाच्या दुधाचा वास छान, पण गार झालं की वर चरबीचे कण तरंगायचे. मग तिला आमचाच तांदूळ सुचला. आंबेमोहराची कणी मऊ शिजवून गार करायची. मूठभर काजू भिजवायचे. दोन्ही थंड पाण्यात वाटून पंच्यातून गाळायचं. कॉफी कडक उकळायची आणि तिचाच बर्फ करायचा, पाण्याचा नाही, म्हणजे वितळला तरी चव पांचट होत नाही. गुळाची पूड, कणभर मीठ. मिक्सर सलग फिरवायचा नाही. थांबून थांबून, दोनदोन झटके. झाकण काढलं की आंबेमोहराचा वास आधी यायचा, कॉफीचा मागून.

आठ दिवस आम्ही मागच्या दारी पायरीवर बसून ती कॉफी प्यायलो. समोर धरणाचं पाणी खाली गेलेलं, काठची माती भेगाळून तिचे पापड झालेले, पार मध्यावर एक बगळा. करवंदं विकून परतणाऱ्या बायका डोक्यावर रिकाम्या पाट्या घेऊन बांधावरून जायच्या. मुक्ता वरच्या ओठाला लागलेला फेस पुसायची नाही, तसाच ठेवायची. एकविसाव्या वर्षी तिने पहिल्यांदा काहीतरी असं प्यायलं होतं की ज्याचा घोट घेताना तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. जाऊबाईंनीही एकदा हळूच घोट घेऊन बघितला. "ग्वाड लागतंय की गं," म्हणाल्या, आणि मागे वळून कुणी बघितलं का ते पाहिलं.

बघितलं होतं. अण्णांनी.

"म्हशीच्या घरात तांदळाचं दूध," ते ओसरीवरून म्हणाले. "लोक थुकतील तोंडावर. हाटेलवाल्यांना कळलं तर म्हनतील, यांचीच पोरगी यांचं दूध पीत न्हाई, मग आमी का घ्यावं?"

"अण्णा, मला चालत नाही म्हणून," मुक्ता म्हणाली.

"चालत न्हाई म्हंजी? पोटात गेल्याबिगर कळतं व्हय? सवय लावली की समदं चालतं."

मी आत भांडी घासत होते. ऐकलं. नळ थोडा मोठा सोडला.

तो रविवार होता. मुक्ताने सगळं जारमध्ये घातलं, एक झटका दिला आणि तेवढ्यात तिला फोन आला. आमच्या घरात रेंज फक्त अंगणातल्या आंब्याखाली येते, म्हणून ती बाहेर गेली. मी वरच्या माळ्यावर गव्हाच्या कोठीत होते. परत येऊन तिने मिक्सर फिरवला, ग्लास भरला, पायरीवर जाऊन बसली. मी खाली उतरले तेव्हा ती म्हणाली, "आई, आज फेस बघ कसला मस्त आलाय."

हे वाक्य माझ्या कानातून जात नाही.

अर्धा ग्लास संपला असेल. तिने मान खाजवली. मग ओठ. मी बघत असताना ओठ सुजले, डोळ्यांच्या पापण्या फुगल्या, आणि ती उभी राहायला गेली ती पायरीवरच बसली. घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. माझे यजमान धावत आले. अण्णांनी काही न विचारता पिकअपची किल्ली घेतली. पुढे अण्णा, मधे मुक्ता, तिला धरून मी; मागे हौद्यात यजमान आणि जाऊबाई.

पौडपर्यंतचा रस्ता मी रोज शाळेला जाते, प्रत्येक वळण पाठ आहे. त्या दिवशी समोरून धरणाकडे येणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. अण्णा हॉर्नवरचा हात काढत नव्हते. मी मुक्ताच्या गालांवर चापट्या मारत होते, "काय खाल्लंस? बाळा, काय खाल्लंस सांग." ती मान हलवत होती, माहीत नाही, माहीत नाही. मी मोठमोठ्याने विचार करत होते. "काजू असतील. काजूच असतील. नवे आणले होते परवा. अण्णा, काजू बाधले असतील का हो?" घाबरून मी त्यांच्याशी थेट बोलले होते आणि मला ते कळलंही नव्हतं.

ते समोर बघत राहिले. म्हणाले, "आसंल."

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने मुक्ताकडे एक नजर टाकली आणि मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजन लावला, मग माझ्याकडे वळली.

"काय खाल्लं हिने?"

"काजू. कॉफीत काजू होते."

"आधी कधी काजूने त्रास?"

"नाही."

"दुधाची ॲलर्जी आहे म्हणता. दूध गेलंय का पोटात?"

मला तिचा राग आला. मी ताठ झाले. "नाही हो. आमच्या घरात तिला कुणी दूध देत नाही."

असं म्हणाले मी. त्या घराची बाजू घेऊन, मान वर करून. दारात अण्णा उभे होते. भिंतीवर बाळाच्या लशींचा तक्ता लावला होता, तो ते वाचत होते. डॉक्टरीणबाईने पुन्हा विचारलं, "नक्की?" मी म्हणाले, "नक्की."

तेव्हा मागून जाऊबाईंचा आवाज आला. त्या कधी चार माणसांत बोलत नाहीत. "काजू न्हाईत, डाक्टरबाई. साय व्हती. ह्यांनी घातली जारात, पोरगी भाईर गेली तवा. वाटीभर. म्या बघितलं."

डॉक्टरीणबाईने कागदावर लिहिलं. अण्णा म्हणाले, "घरचीच तर साय व्हती." एवढंच. आणि किल्ली खिशात घालून बाहेर गेले.

मुक्ता वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घरी आणलं. चेहरा अजून सुजलेला, आवाज बसलेला. अंगणात पाय ठेवला तेव्हा अण्णा गोठ्याच्या तोंडाशी उभे होते. जमलेल्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमी काय इख घातलं व्हतं का? पोरीच्या भल्यासाठीच केलं. पिरमानं केलं." माझ्या तोंडाशी शब्द आले. यजमानांनी हाताने खूण केली, गप्प. आणि मी गप्प बसले. चांगल्या घरच्या बायका बसतात तशी.

प्रेमाने. या शब्दाची मला तेव्हापासून शिसारी आली आहे. ज्याला वाटीभर साय घालताना आजूबाजूला बघावं लागतं, ते कसलं प्रेम? तो हट्ट होता. एका माणसाच्या दुधाला एका पोरीने नाही म्हटलं, एवढ्याचा हट्ट. आणि तरीही सांगते, साय घातली याचं मी एक वेळ समजून घेतलं असतं. अडाणीपणा म्हटला असता. पण पंचवीस मिनिटांचा रस्ता. माझी मुलगी दोघांच्या मधे श्वासासाठी तडफडते आहे, मी काजू काजू म्हणून ओरडते आहे, आणि त्या माणसाला माहीत आहे. माहीत आहे आणि तो म्हणतो, आसंल.

मुक्ता दोन दिवसांनी मारुंजीला गेली ती वर्षभर आली नाही. मीच शनिवारी तिच्याकडे जायची. तिच्या पर्समध्ये आता इंजेक्शन असतं. कुणाच्या हातचं ती काही खात नाही, अगदी माझ्याही हातचं घेताना एक क्षण थांबते. तो एक क्षण मला रोज भाजतो. जाऊबाई एकदा मला म्हणाल्या, "म्या तवाच वरडाया पायजे व्हतं गं. वाटी हातात घेतली तवाच." त्यांचे माझ्यावर उपकार आहेत आणि त्यांच्यावर माझा रागही आहे, आणि दोन्ही असे गुंतलेत की सोडवायला बसले तर मीच तुटेन.

गावात मात्र एक वेगळीच गोष्ट पसरली. जत्रेत एक म्हातारी मुक्ताला म्हणाली, "काजू जपून खात जा गं बाई." भाताच्या लावणीत कुणीतरी मला सांगितलं, "हल्ली काजूला औषधं मारत्यात, म्हनून पोरीला बाधलं." मी दवाखान्यात जी चूक बोलले होते, तीच अण्णांनी उचलली आणि गावभर वाटली. साय कुठल्या कुठे गेली. मी ऐकत राहिले. 'अहो नाही' एवढं म्हणायला किती श्वास लागतो? मुक्ताला त्या पिकअपमध्ये जेवढा मिळत होता, त्याहूनही कमी.

यंदाच्या वैशाखात मुक्तासाठी एक स्थळ आलं. पौडच्या पलीकडचं घर, मुलगाही हिंजवडीलाच. अण्णांच्या ओळखीतलं. मुक्ता म्हणाली, "भेटायला माझी हरकत नाही. पण माझं दुधाचं त्यांना आधी सांगा, मग येऊ देत." यजमानांनी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "समदं सांगितलंय. त्यांची काय ना न्हाई."

रविवारी सकाळी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, आई. जाऊबाईंनी पोहे केले. मुक्ता म्हणाली, "या उन्हात चहा कशाला, माझी कॉफी देते." सात ग्लास तिने एकाच जारमधून भरले आणि स्वतःचाही त्यातच घेतला. मी दाराशी उभी होते, पदर डोक्यावर.

मुलाची आई मोकळ्या स्वभावाची बाई होती. पोह्यांची तारीफ केली, मुक्ताला जवळ बसवून घेतलं, म्हणाली, "पोरीला काजू बाधत्यात म्हनं. अण्णा बोलले व्हते. त्याचं काय येवढं? आमच्यात काजूबिजू कोन खातंय. आमच्यात दूध. सकाळी उठलं की पेलाभर निरसं दूध, घरातल्या समद्यांना. बघा पोरगी कशी चार म्हैन्यात भरंल."

मुक्ताने माझ्याकडे बघितलं. मी यजमानांकडे. ते जमिनीकडे बघत होते.

तेवढ्यात त्या बाईंनी कॉफीचा घोट घेतला. "झाक झालीय की. कसली दाट! घरच्याच म्हशीचं का?"

"घरचंच," अण्णा म्हणाले. "दुसरं कुटलं आसणार?"

"अण्णा, खोटं बोलू नका."

कोण बोललं म्हणून मीच इकडेतिकडे बघितल्यासारखं झालं. आवाज शाळेतला होता. पदर खांद्यावर आला होता आणि तो पुन्हा वर घ्यावा असं हाताला वाटलं नाही.

"ताई," मी त्या बाईंना म्हणाले, "या कॉफीत दुधाचा थेंब नाही. तांदूळ आहे आणि काजू आहेत. मुक्ताच्या हातात आहे तीच तुमच्या हातात आहे. तिला काजू बाधत नाहीत. दूध बाधतं. पेलाभर दूध दिलंत तर ती मरेल. तीन वर्षांपूर्वी अण्णांनी तिला न सांगता तिच्या कॉफीत साय घातली आणि दवाखान्यात डॉक्टर विचारत असताना तोंड उघडलं नाही. तुम्हाला हे आधी सांगायचं ठरलं होतं. सांगितलेलं नाही. म्हणून मी सांगते."

अण्णा उठले. "बाई, पावण्यांम्होरं—"

"पाहुण्यांपुढंच सांगायचं होतं. तुम्ही काजू सांगितलेत."

मुलाच्या वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्या बाईंनी ग्लास हातात फिरवून आत बघितलं. त्यांची काही चूक नव्हती. त्या बिचाऱ्या खरंच कोड्यात पडल्या होत्या. "म्हंजी अजिबात न्हाई? तूपबी न्हाई? अगं, मग आमच्या घरात कसं व्हायचं?"

"मग नाही व्हायचं, मावशी," मुक्ता म्हणाली. रागाने नाही, अगदी सरळ. "कॉफी घ्या तुम्ही, बर्फ वितळला की मजा जाते."

मुलाने तेवढ्यात स्वतःचा ग्लास तळापर्यंत संपवला होता. रिकामा ग्लास खाली ठेवून तो आईकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांचा नकार आला. मुक्ताने फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडून कामाला बसली.

यजमान मात्र नकार आला त्या दिवशी गोठ्यात गेले. मी मागच्या दारातून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते थोरल्या भावासमोर कमरेवर हात ठेवून उभे होते. "दादा, पोरीची माफी माग," म्हणाले. अण्णांनी धार काढणं थांबवलं नाही. "कशाची माफी? दूध पाजलं त्याची?" यजमान तसेच घरात आले, आणि त्या आठवड्यात आम्ही चूल वेगळी केली. मधे भिंत नाही, फक्त दोन स्वयंपाकघरं. जाऊबाई दुपारी मागच्या दारी कॉफी प्यायला येतात, आता उघडपणे. अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. पूर्वीही बोलत नव्हते, पण तेव्हा ती रीत होती. आता तो राग आहे, आणि मला तो जास्त बरा वाटतो.

गावात म्हणतात, बाईनं वाटीभर सायीपायी घर फोडलं. समजूत घालायला येतात, झालं गेलं विसरा म्हणतात, अण्णांचं वय बघा म्हणतात. मी त्यांना बसायला पाट देते, पाणी देते. आणि सांगते. आमचं घर मी नाही फोडलं. ते त्या रविवारी पौडच्या रस्त्यावर फुटलं, माझी मुलगी श्वास शोधत होती आणि गाडी चालवणाऱ्या माणसाला कारण माहीत होतं तेव्हा. मी फक्त ते मोठ्याने सांगितलं, आणि तेही तीन वर्षं उशिरा.